आठ, कमीअधिक एक

७ फेब्रुवारी

सौ. वेळबाई यांस,

फोन तू आपटलास की आपोआप बंद पडला ते मला कळलं नाही. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आपटलाच." तुझी आई आहे, तिला तो आवाज ओळखता येत असणार. म्हणून पत्र लिहितोय. पत्र समोरच्याला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस.

तिकडे मुख्य कार्यालयात तुला मॅडम म्हणत असतील. इथे प्रयोगशाळेत मात्र तू अजून वेळबाईच आहेस. घड्याळांच्या विभागात आता दुसरं कोणी बसतं, पण नाव काही त्याला मिळालं नाही. मी वजन तो वजनच, आणि आपला बुटका लांबी तो लांबीच. तर वजन, लांबी, तापमान, दाब आणि प्रकाश अशा आम्ही पाचजणांनी अखेर दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही शास्त्रज्ञ असल्यामुळे ती म्हण आम्हाला लागू नाही, असं तापमानबाई म्हणाल्या.

वकील तरुण आहे, चुणचुणीत आहे, पण त्याला हसू आवरत नव्हतं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हटलं, हे बघा, आमच्याकडे दुकानाचं वजन तपासायला येतं, औषधाच्या कारखान्यातला काटा येतो. आम्ही दाखला देतो. त्यावर आकडा असतो आणि आकड्याशेजारी फरक असतो. एक किलो, कमीअधिक इतकं. उघडा आकडा आमच्या इमारतीबाहेर जात नाही. जुन्या प्रमुखांनी आम्हाला तसंच घडवलं. चहात साखर किती विचारलं तर दोन चमचे, कमीअधिक अर्धा, असं सांगणारी माणसं आम्ही. मग बढतीचा तक्ता आला. दहापैकी स्वतःला किती गुण देता ते लिहा, आठ असतील तर वरची श्रेणी. पाचांनी पाच खोल्यांत बसून एकच लिहिलं : आठ, कमीअधिक एक. प्रमुखांनी 'सहमत' लिहून सह्या ठोकल्या. आणि आस्थापना शाखेनं खालचा आकडा धरला. सात. पाचही अपात्र.

वकील म्हणाला, "मग साहेब, नऊ का नाही धरला त्यांनी?"

म्हटलं, "तेच तर विचारायला तुम्हाला पैसे देतोय."

तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहितोय, कारण लिहिताना माणूस एका जागी बसतो. दिवसभर मला ते जमत नाही. काट्याच्या खोलीत शिरल्यावर अंगाची ऊब निवेपर्यंत गप्प बसायचं असतं, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. आता मीच खुर्चीत चुळबुळत असतो आणि काटा काही केल्या स्थिर होत नाही. परवा तापमानबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाल्या, "तू आत असलास की खोली तापते."

वरच्या श्रेणीचा पगार मला नकोय असं नाही, पण माझं खरं मन कुठे अडकलंय ते तुला ठाऊक आहे. मूळ वजनाच्या खोलीत वरच्या श्रेणीशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नाही. आयुष्यभर मी त्याच्या नकलांच्या नकला तोलल्या. मूळ पाहिलं ते काचेतून. मला ते एकदा चिमट्यानं उचलायचंय. निवृत्ती तोंडावर आली, आता नाही तर मग नाहीच.

बाकी विशेष काही नाही. आई बऱ्या आहेत. तुझ्या सोबतीला म्हणून राहायला आल्या, तू बदलीवर गेलीस, आणि त्या माझ्या तावडीत सापडल्या. वकील म्हणतो, अर्जात आणखी एकदोन नावं घालावी लागतील. ते तो बघेल.

तुझा,
वजन


२ मार्च

वेळबाई,

नोटीस तुला मिळाली हे मला आईंकडून कळलं. टपालानं आली, की दारात माणूस उभा राहिला? तो दारात उभा राहिला असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. वाटलं तर पुढचं वाचू नकोस, पण माझी बाजू मी सांगणार.

कायदा असा आहे. तुमच्या मागचा माणूस पुढे गेला आणि तुम्ही अन्याय झाला म्हणून ओरडलात, तर त्या माणसाला समोर उभं करावं लागतं, नाहीतर दावा दारातच पडतो. नोकरीत तू माझ्या मागून आलीस. त्या वर्षी आपल्या इमारतीतून वर गेलेली तू एकटीच. मग दुसरं कोणाचं नाव घालणार? शेजाऱ्याचं? तुझी श्रेणी काढा असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही. तिला दिली तशी आम्हालाही द्या, नाहीतर ती सगळी यादी रद्द करा, एवढंच म्हटलंय. 'नाहीतर'पासून पुढचं वकिलानं घातलं.

आईंनी नोटिशीचं ऐकलं आणि त्या भाजी चिरायची थांबल्या. "जावईबापू, म्हणजे तुम्ही माझ्या मुलीवर खटला भरलात?"

म्हटलं, "आई, सरकारवर भरलाय. ती फक्त मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे कुठे? तुमच्या आणि सरकारच्या?"

मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग तिलाच जास्त लागणार." आणि पुन्हा चिरायला लागल्या. रात्री मला वाढलं नेहमीसारखंच, पण बोलल्या नाहीत. तुझ्या घराण्यात न बोलण्याची शिस्त फार चांगली आहे.

तुझा निरोप मिळाला. अख्ख्या महिन्यात तुझ्याकडून एकच ओळ, तीही आईंच्या फोनवर : 'त्याला विचार, कलम नऊ वाचून सही केली का.' वाचलं. आमच्या अर्जातलं कलम नऊ म्हणतं की, आस्थापना शाखा खालचा आकडा धरते, याची अर्जदारांपैकी कोणालाही आधी कल्पना नव्हती. आता कल्पना असणं म्हणजे नक्की काय? लेखी सूचना आली होती का? नाही. परिपत्रक निघालं होतं का? नाही. एक माणूस जेवणाच्या टेबलाशी दुसऱ्याला काही म्हणाला, दुसऱ्यानं ते उडवून लावलं, तर त्याला कल्पना म्हणतात का? मला वाटत नाही. वकिलालाही वाटलं नाही. म्हणजे मी त्याला विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी वाटलं नसतं.

ती संध्याकाळ तू उगाच उकरून काढू नकोस. तू तुझ्या तक्त्यात नुसता आठ लिहिलास, मी तुला नावं ठेवली, तू दुसऱ्या दिवशी पहाटे दौऱ्यावर गेलीस. घराघरांत असं होतं.

वजन


२१ मार्च

वेळबाई,

पहिली तारीख झाली. आम्ही पाचजण इस्त्रीचे कपडे घालून बाकावर ओळीनं बसलो होतो. वर्गातून बाहेर काढलेली पोरं बसतात तसे. सरकारी वकील जाडजूड आणि मिश्कील. तो उठून म्हणाला, "महोदय, ज्यांना स्वतःबद्दलच खात्री नाही, त्यांच्याबद्दल सरकारनं खात्री कुठून आणायची?" सगळे हसले. न्यायाधिकरणाचे अध्यक्षही हसले. दाब मात्र लाल झाला. त्याला हात धरून बसवून ठेवावं लागलं.

पण अध्यक्ष माणूस बरा वाटला. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ह्या लोकांना कोणी सांगितलं होतं का, की नुसता आकडा लिहा म्हणून?" आमचा वकील कलम नऊवर बोट ठेवून म्हणाला, "नाही महोदय, कोणालाही नाही." अध्यक्ष म्हणाले, "हे खरं असेल तर मग मामला वेगळा आहे." बाहेर आल्यावर वकिलानं माझ्या पाठीवर थाप मारली. सगळा दावा त्या एका कलमावर उभा आहे म्हणाला. मी हसलो. 

संध्याकाळी चौघं घरी आले. आईंनी चहा केला. तापमानबाई ह्या वर्षअखेरीला निवृत्त होतायत. त्या सहसा स्वतःबद्दल बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी दोनदा बढतीची संधी सोडली होती, ही तिसरी. म्हणाल्या, "मला नुसतं एकदा वरच्या पाटीवर नाव बघायचंय रे. मग ती पाटी उतरवा हवी तर." लांबी म्हणाला, "बाई, तुमची पाटी मी स्वतः लावीन, स्टूल घेऊन." सगळे हसले. मी उठून उगाच खिडकी उघडली, मग बंद केली. आईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "वारा."

आता मुद्द्याचं लिहितो. पुढच्या तारखेला प्रतिवादींनी यायचं आहे. तू यायची काही गरज नाही. सरकारी वकील तुझ्या वतीनं दोन ओळींचं उत्तर देईल. एवढा प्रवास, त्यात तुझी पाठ, आणि तिथले बाक फार वाईट आहेत. तू आली नाहीस तर कोणालाच काही वाटणार नाही. शिवाय हे फक्त माझं नाही, बाकी चौघांचंही आहे. आपल्या दोघांतल्या एका बोलण्यापायी त्यांचं कशाला बुडवायचं? ह्यावर विचार कर. मी काही मागत नाही, फक्त विचार कर म्हणतो.

तू येऊ नकोस.

वजन


१६ एप्रिल

तू आलीस.

गाडीतून उतरून थेट आलीस, घरीही न येता. बॅग पायाशी ठेवून समोरच्या बाकावर बसलीस. चौघांकडे बघून मान हलवलीस, माझ्याकडे बघितलं नाहीस. तापमानबाईंनी तुला पाणी दिलं. मला वाटलं, आली ते बरंच झालं, मला पाहून तिला काहीतरी वाटेल. माणूस काय काय समजूत करून घेतो.

हे मी तुलाच का सांगतोय, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "वकील नाही दिला?" तू म्हणालीस, "लागणार नाही." त्यांनी विचारलं, आकड्याशेजारी फरक लिहायची पद्धत खरीच आहे का? तू म्हणालीस, "खरी आहे. नव्या लोकांना मीच शिकवायचे. आणि ती बरोबर आहे. ह्यांच्या तक्त्यातले आठ आणि माझे आठ एकच आहेत." आमचा वकील खुर्चीत सावरून बसला. लांबीनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मलाही क्षणभर वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मात्र नुसता आकडा लिहिलात. तो कसा?"

मी तुझ्याकडे बघत होतो. तू टेबलाकडे बघत होतीस.

तू म्हणालीस, "मला बढती हवी होती. आस्थापनेतल्या बाईंनी बोलता बोलता सांगितलं की, फरक लिहिला तर खालचाच आकडा धरतात. म्हणून लिहिला नाही."

"हे तुम्ही अर्जदारांपैकी कोणाला सांगितलंत?"

तू टेबलावरचे कागद सरळ केलेस. मला अजून कळत नाही, तेवढा वेळ माझ्यासाठी घेतलास की कागदांसाठी. मग म्हणालीस, "माझ्या नवऱ्याला. त्याच संध्याकाळी, जेवताना. म्हटलं, नुसता आठ लिही आणि उद्या बाकीच्यांनाही सांग, मी पहाटे दौऱ्यावर जातेय. ते म्हणाले, फरकाशिवायचा आकडा ही शुद्ध थाप असते, मी थाप मारणार नाही."

सरकारी वकिलाला हसायचीही गरज पडली नाही. तो नुसता उठून उभा राहिला. पण मला तो दिसत नव्हता. मला तापमानबाई दिसत होत्या. त्या वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

बाहेर मी तुला गाठलं, तेव्हा माझा आवाज चढला होता, ते खरं आहे. म्हटलं, एवढं बोलायची काय गरज होती? आठवत नाही म्हणाली असतीस तर कोण काय करणार होतं? तू बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मी निरोप पाठवला होता. कलम नऊ काढलं असतंस तर मला कोणी काही विचारलंच नसतं. तू काढलं नाहीस. उलट मला लिहिलंस, येऊ नकोस. नुसत्या आठाची थाप लिहायला तुला लाज वाटली, आणि हे लिहायला नाही वाटली?"

मग म्हणालीस, "त्या नोटिशीचा मला राग नव्हता रे. लढला असतास माझ्याशी, तर मी मजेत लढले असते." आणि रिक्षा थांबवलीस. आईंना भेटायलासुद्धा थांबली नाहीस. घरी येऊन मला ते त्यांना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "भेटली की. तुम्ही आत होतात तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते तिच्यासाठी. डबा दिला तिला आणि आले घरी." म्हणजे तू येणार हे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मला राग आलाय. तुझा, आणि कोणाकोणाचा. हे पत्र टाकीन की नाही सांगता येत नाही.


९ मे

वेळबाई,

मागचं पत्र टाकलं. तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच.

निकाल लागला. अध्यक्षांनी म्हटलंय, फरक लिहिलेल्या आकड्यात मधलाच आकडा धरायचा, खालचा धरायचा सरकारला अधिकार नाही. म्हणजे आपली पद्धत जिंकली. चौघांना जुन्या तारखेपासून वरची श्रेणी. तुझी आहे तशी राहते, तिला कोणी हात लावणार नाही. अर्जदार क्रमांक एक यांनी वस्तुस्थिती दडवून ठेवली, सबब त्यांचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदार क्रमांक एक मी.

तापमानबाईंची पाटी लागली. लांबीनं खरंच स्टूल आणलं. मी दारातून बघत होतो. त्यांनी मला पेढा दिला नाही, पण डबी टेबलावर उघडी ठेवून बाहेर गेल्या. मी घेतला नाही. दाब तर माझ्याशी बोलतच नाही. परवा जिन्यात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू आम्हाला नुसतं सांगायचं होतंस रे. लिहायचं की नाही ते आम्ही बघितलं असतं."  तक्ता भरताना मला वाटलं होतं, तू वाकलीस, आता बाकीच्यांनाही वाकवणार. मी त्यांची लाज राखतोय, असं मला वाटलं होतं. राखली कोणाची, तर माझ्या तोऱ्याची.

आणि ऐक, मूळ वजनाच्या खोलीचा ताबा लांबीकडे गेला. त्याला वजनातलं ओ की ठो कळत नाही. काल तपासणी होती. त्यानं मला काचेबाहेर उभं केलं आणि आतून खुणेनं विचारत होता, चिमटा असा धरू का, आता थांबू का. मी बाहेरून हातानं दाखवत होतो. मूळ वजन त्यानं उचललं. अगदी व्यवस्थित उचललं. मग हसून माझ्याकडे बघितलं, शाबासकी मागितल्यासारखं. मी मान डोलावली, तिथून निघालो आणि इमारतीला चकरा मारत राहिलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "काही हरवलं का साहेब?"

आई आता बोलतात. काल म्हणाल्या, "जावईबापू, चूक झाली तर झाली, पण बसा हो एके ठिकाणी. तुमच्या फेऱ्यांनी मला घेरी येते."

वजन


१४ मे

प्रिय,

काल संध्याकाळी वकील घरी आला होता. अपील करता येतं म्हणाला. मुदत अजून आहे. म्हणाला, "साहेब, सोपं आहे. त्या संध्याकाळी घरात तुम्ही दोघंच होतात. तुम्ही लिहून द्या की, असं बोलणं झालंच नाही. त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द. त्यांना स्वतःची श्रेणी वाचवायची होती, म्हणून त्यांनी रचून सांगितलं, असं मांडू. वरच्या कोर्टात तुमचं नक्की होईल." कागद तयार करूनच आणला होता. सहीची जागा तेवढी मोकळी.

मी त्याला घालवून दिलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी त्याला म्हटलं, कागद ठेवून जा, बघतो.

तो गेल्यापासून कागद टेबलावर आहे आणि मी घरभर हिंडतोय. मला किल्ली दिसते, ती खोली दिसते, लांबीच्या हातातला चिमटा दिसतो. मनात येतं, वेळबाई तिकडे आहे, तिची श्रेणी कुठे जातेय, थोडं नाव खराब होईल, मग विसरतील लोक. दोनदा पेन उघडलं. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तू मला ओळखतेस, म्हणून लिहितोय. आज मी सही करणार नाही. उद्याचं मला सांगता येत नाही, आणि परवाचं तर मुळीच नाही. मुदत संपेपर्यंत रोज हा कागद माझ्यासमोर असणार. फाडला, तर वकील दुसरा आणील.

म्हणून खाली लिहितो ते नीट जपून ठेव.

मी लिहून देतो की, बढतीचा तक्ता भरायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोनं मला सांगितलं होतं की नुसता आठ लिही, आणि बाकीच्यांनाही सांग. मी तिचं ऐकलं नाही आणि कोणालाही सांगितलं नाही. हे माहीत असूनही मी कलम नऊखाली सही केली, आणि तिनं येऊ नये म्हणून तिला पत्र लिहिलं. न्यायाधिकरणापुढे ती जे बोलली ते शब्दन्‌शब्द खरं आहे. हे मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे.

खाली पूर्ण सही, हुद्दा आणि तारीख घातली आहे. प्रयोगशाळेचा शिक्काही मारला आहे. तो असा वापरायचा नसतो, पण असू दे. मी अपील केलं तर हा कागद सरकारी वकिलाला नेऊन दे. माझ्यावर दया करू नकोस. नाही केलं तर तुझ्याकडेच राहू दे, परत पाठवू नकोस.

आई विचारतायत, एवढ्या सकाळी कुठे निघालात. पेटीत टाकून आलो की सांगतो त्यांना.